आठ पिढ्यांमागचा शिपाई: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजाची नोकरी आणि कबर कशी शोधावी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात, म्हणून नातीच्या शाळेत सगळ्या मुलांना वंशवृक्ष करून आणायला सांगितलं होतं. आमच्या बाजूचा अर्ध्या तासात झाला. माझ्या सासऱ्यांनी वहीत लिहून ठेवलेल्या वंशावळीचे फोटो मुलीच्या फोनमध्ये होते. जावयांच्या बाजूने मात्र एकच वाक्य आलं: "आमचे एक पूर्वज वॉशिंग्टनच्या फौजेत कॅप्टन होते, बंकर हिलला लढले." नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. पुरावा कुणाकडे नव्हता, आणि त्यांना पुरलं कुठे हे विहीणबाईंनाही सांगता येईना.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेली बाई. जन्म फेरफार आणि वारसनोंदी बघण्यात गेला. बाहेर गुडघाभर बर्फ, मुलगी-जावई कामावर, नात शाळेत. म्हटलं, बघू तर खरं. पाच महिने लागले. त्यातले तीन आठवडे मी भलत्याच माणसामागे धावत होते. आता कितीतरी मराठी घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे आणि नातवंडांना हा वारसा अर्ध्या वाट्याने मिळतो. तुमचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गाठ मारून ठेवा. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध करायच्या असतात: त्या माणसाने नोकरी केली, तो अमुक जागी पुरला आहे, आणि तुमचं नातवंड त्याच माणसाच्या वंशातलं आहे. एकाच्या कागदाने दुसरी गोष्ट सिद्ध होत नाही.

१. आजपासून मागे चाला

सगळे उलटं करतात. मीही केलं. संगणकावर पूर्वजाचं नाव टाकलं आणि 'सापडले!' म्हणून ओरडले. वारसनोंद कधी पणजोबांपासून खाली येत नाही. आधी आजचा खातेदार, मग त्याचा बाप, मग आजा. इथेही तसंच. जमवायचे कागद असे:

- जावई किंवा सून, त्यांचे आईवडील, आजीआजोबा यांचे जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले. ज्यावर आईवडिलांची नावं असतात अशी पूर्ण प्रत मागा, संक्षिप्त दाखला कामाचा नाही.
- १८५० पासूनची जनगणनेची पत्रकं.
- मृत्युपत्रं, वाटणीचे कागद, जमिनीचे दस्त.
- घरात जुनं बायबल असेल तर त्यातली जन्ममृत्यूची पानं, आणि त्याच बायबलचं छपाईचं साल असलेलं पहिलं पान. छपाई १८४० ची आणि नोंद १७५६ ची असेल, तर ती नोंद कुणीतरी मागाहून आठवून लिहिली आहे.

१८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं जातं. १७९० ते १८४० या काळात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. म्हणजे १८५० च्या मागे गेलात की बायका-मुलं नावानिशी दिसेनाशी होतात. खरी कसोटी इथे आहे, युद्धाच्या कागदांत नाही. या पन्नास-साठ वर्षांत मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्तच हात देतात. बाप मेल्यावर पाच मुलांनी आणि दोन जावयांनी मिळून जमीन विकली असा एक दस्त मिळाला की सगळ्या वंशवृक्षाला कणा येतो. १८९० च्या पत्रकांचा शोध घेत बसू नका. १९२१ च्या आगीत ती जवळजवळ सगळी गेली.

२. काळ आणि गाव पक्कं करा

युद्ध १७७५ ते १७८३. तिकडे नाना फडणीस इंग्रजांशी झुंजत होते, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फजिती झाली, १७८२ ला सालबाईचा तह झाला, तोच हा काळ. माझ्यासारखीला असं जोडून घेतलं की साल डोक्यात बसतं. मिलिशियात, म्हणजे गावच्या शेतकऱ्यांच्या हंगामी फौजेत, साधारण सोळाव्या वर्षापासून घेत, म्हणून १७६७ च्या नंतर जन्मलेला 'सैनिक' कुणी दाखवला तर भुवई उंचवा.

गाव शोधताना आजचा नकाशा बाजूला ठेवा. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होता. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियात होतं, वेस्ट व्हर्जिनिया तर १८६३ पर्यंत. काउंट्याही फुटत गेल्या. आपल्याकडे जिल्हा फुटला की जुनं दप्तर जुन्या ठिकाणीच राहतं, तसंच तिथेही झालं आहे. कागद त्या काळच्या काउंटीच्या कचेरीत शोधा.

तारखांचा आणखी एक खड्डा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि त्या वर्षी दिनदर्शिका बदलताना अकरा दिवस गाळले गेले. त्यामुळे १७५२ च्या आधी जन्मलेल्यांच्या जानेवारी ते मार्चमधल्या तारखा दोन सालांनी लिहिलेल्या दिसतात. ती चूक समजून खोडू नका.

३. नोकरी कुठल्या प्रकारची?

वॉशिंग्टनच्या हाताखालची कायम फौज म्हणजे कॉन्टिनेंटल आर्मी. त्याखेरीज एकेका राज्याच्या फौजा होत्या. आणि सर्वांत जास्त माणसं मिलिशियात, म्हणजे शेतकरीच. बोलावणं आलं की बंदूक घेऊन निघायचे, दोन-तीन महिन्यांनी परत. आपल्या फौजा दसऱ्याला निघून पावसाळ्याआधी घरी येत, त्यातलाच प्रकार. मिलिशियाच्या नोकऱ्या तुकड्यातुकड्यांच्या असतात. एकाच माणसाच्या चार नोंदी चार वेगवेगळ्या कप्तानांखाली सापडल्या तर घाबरू नका.

शस्त्र न उचलताही नाव लागू शकतं. फौजेला धान्य किंवा गुरं दिली, नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतली, गावच्या समितीवर काम केलं, तर वारसांच्या संघटना ती 'देशभक्तीची सेवा' म्हणून मानतात.

४. हजेरीपट

राष्ट्रीय अभिलेखागारात दोन संग्रह मुख्य आहेत. 'एम ८८१' म्हणजे प्रत्येक सैनिकाच्या नावाचं पाकीट, त्यात हजेरीपटांवरून १८९० च्या दशकात उतरवलेली कार्डं. 'एम २४६' म्हणजे मूळ हजेरीपट आणि पगारपत्रकं. कार्डावर पलटण, कप्तान, भरतीची तारीख, पगार मिळतो. साध्या शिपायाचा पगार महिना सहा डॉलर आणि दोन तृतीयांश. बायको, आईबाप, जन्मगाव यांतलं काहीही तिथे नसतं. म्हणून नुसतं कार्ड सापडलं याने फार काही होत नाही.

आणि कार्ड नसलं याचाही अर्थ लावू नका. ८ नोव्हेंबर १८०० ला युद्ध खात्याच्या इमारतीला आग लागली आणि त्याआधीचे कागद गेले. १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन शहर जाळलं तेव्हा आणखी. नंतर जे गोळा झालं ते राज्यांकडून आणि लोकांच्या घरांतून.

म्हणून राज्याचं अभिलेखागार चुकवू नका. आमचं घराणं मॅसॅच्युसेट्सचं, म्हणजे नशीबवान. तिथल्या राज्याने सैनिक-खलाशांच्या नोंदी वर्णानुक्रमे सतरा खंडांत १८९६ ते १९०८ दरम्यान छापल्या आहेत आणि ते खंड आज संगणकावर फुकट वाचता येतात. नावाची जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी शोधा. त्या काळी कारकून कानाने ऐकून लिहायचा.

आमच्या आजोबांची (आता मी त्यांना आजोबाच म्हणते) भरती निघाली जुलै १७७५ ची. बंकर हिलची लढाई १७ जूनची. घरची पहिली कथा इथेच मोडली.

५. पेन्शनची फाइल

हिच्यासाठी थोडा वेळ राखून ठेवा. अख्ख्या शोधात मला सर्वांत जास्त आनंद हिने दिला.

पेन्शन आणि जमिनीच्या बक्षिसाचे सुमारे ऐंशी हजार अर्ज 'एम ८०४' या संग्रहात आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. फोल्ड३ या जुन्या लष्करी कागदांच्या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण अनेक सार्वजनिक वाचनालयांत ते बसून फुकट वापरता येतं, आधी विचारा. काही ठिकाणी फाइलची 'निवडक' पानं वेगळी दाखवतात. तेवढ्यावर थांबू नका, शेवटच्या पानापर्यंत जा. चांगला कागद हमखास 'बिननिवडक' पानांत असतो.

फाइलच्या क्रमांकाआधीचं अक्षर पाहा. 'एस' म्हणजे सैनिकाचा स्वतःचा अर्ज. 'डब्ल्यू' म्हणजे विधवेचा. 'आर' म्हणजे नामंजूर. नामंजूर फाइल टाकून देऊ नका! कारण सिद्ध करता येईना म्हणून बिचाऱ्याने जास्तच कागद जोडलेले असतात, आणि नामंजुरीचं कारण बहुधा नोकरीचे महिने कमी पडले एवढंच असतं.

पुढे कायदे समजून घ्या, म्हणजे फाइलमध्ये काय असेल याचा अंदाज येतो.

१८१८ च्या कायद्याने कॉन्टिनेंटल फौजेत नऊ महिने काढलेल्या गरजू सैनिकांना पेन्शन मिळाली, शिपायाला महिना आठ डॉलर. इतके अर्ज आले की सरकार घाबरलं आणि १८२० मध्ये प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागितली. त्या यादीत एक गाय, दोन डुकरं, तडा गेलेली किटली, अशा वस्तू असतात, वर किती देणं आहे तेही, आणि घरात कोण आहे, त्यांची वयं काय, कामाला कोण उपयोगी. जनगणना जे सांगत नाही ते ही गरिबी सांगते.

१८३२ च्या कायद्याने मिलिशियावाल्यांनाही घेतलं. किमान सहा महिने नोकरी हवी, गरिबीची अट नाही. म्हातारा कोर्टात उभा राहून आपली हकिकत सांगे आणि न्यायाधीश ठरलेले प्रश्न विचारी: कुठे, कधी जन्मलास? वयाची नोंद आहे का, कुठे आहे? बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होतास, नंतर कुठे राहिलास? स्वतः गेलास, चिठ्ठी निघाली म्हणून गेलास, की दुसऱ्याच्या बदली? कुठले अधिकारी आठवतात? सुटीचा कागद मिळाला का? शेजारचे कोण तुला ओळखतात? पंच्याहत्तर वर्षांचा माणूस पन्नास वर्षांपूर्वीच्या पायपिटीचं बोलतो आहे आणि कारकून लिहून घेतो आहे. तालुक्याला जबाब नोंदवताना मी हेच ऐकत आले, त्यामुळे घरीच बसल्यासारखं वाटलं.

१८३२ च्या पेन्शनमध्ये एक गणित दडलेलं आहे. दोन वर्षं नोकरी केलेल्या शिपायाला पूर्ण पगार, म्हणजे वर्षाला ८० डॉलर. कमी नोकरीला त्याच प्रमाणात कमी. म्हणजे नोकरीच्या एका महिन्याला वर्षाचे ३ डॉलर ३३ सेंट. यादीत नुसती '२३ डॉलर ३३ सेंट' अशी रक्कम दिसली तरी सरकारने पायदळातल्या शिपायाचे सात महिने मान्य केले हे तुम्हाला कळतं. अधिकाऱ्यांना आणि घोडदळाला दर वेगळे, तिथे हे लावू नका.

विधवांसाठी आधी १८३६ चा कायदा आला, लग्न नोकरी संपण्याआधीचं हवं. १८३८ मध्ये ही अट सैल झाली: १७९४ उजाडण्याआधीचं लग्न चालेल. १८५३ मध्ये तर लग्नाच्या तारखेची अटच गेली. त्यामुळे म्हाताऱ्या सैनिकांशी लग्न केलेल्या तरुण बायका कितीतरी वर्षं पेन्शन घेत राहिल्या, शेवटची विधवा १९०६ मध्ये वारली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आणि दाखला कुठून आणणार? मग तिने बायबलमधलं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलेलं असतं. ते पान आजही फाइलला टाचलेलं आहे.

शेवटच्या हप्त्याची पावती वेगळी शोधा. सैनिक वारल्यावर राहिलेली रक्कम वारसांना देताना मृत्यूची तारीख लिहीत. आणि १८४० च्या जनगणनेत पेन्शनरांची नावं, वयं आणि ते कुणाच्या घरी राहतात याची नोंद आहे. आजोबा कुठल्या मुलाकडे राहत होते हे त्यातून कळतं, आणि कबर बहुधा त्याच गावात निघते.

लिखावट वाचताना पहिले दोन दिवस डोकं दुखेल. शब्दाच्या मध्ये येणारा लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. नावं आखडून लिहितात: 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, 'जे-ए-एस' म्हणजे जेम्स. मोडी वाचलेल्याला हे जड जाणार नाही. आधी तारीख, गाव अशी ठाऊक असलेली अक्षरं ओळखा, त्या कारकुनाचं वळण एका चिठ्ठीवर उतरवून घ्या, मग बाकीचं वाचा.

६. नाव एक, माणसं दोन

माझे तीन आठवडे इथे गेले. आमच्या आजोबांच्या नावाचा माणूस, तेच गाव, वयही जवळपास तेच, आणि फाइल 'एस'ची. मी मुलीला पेढे आणायला सांगणार होते. चौथ्या पानावर तो म्हणतो, युद्धानंतर मी व्हर्मांटला गेलो आणि तिथेच आहे. आमचे आजोबा तर गाव सोडून कुठे गेलेच नव्हते. तो निघाला पुतण्या.

तेव्हाचं 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असं नाही. गावात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर. काका-पुतण्या असोत, नाहीतर नातंच नसो. थोरला वारला की धाकटा सीनियर होई! म्हणजे एकच माणूस १७८० मध्ये ज्युनियर आणि १८१० मध्ये सीनियर.

'कॅप्टन' या पदवीचंही तसंच. युद्धात शिपाई असलेला माणूस पुढे शांततेच्या काळात गावच्या मिलिशियाचा कप्तान निवडला जाई आणि मरेपर्यंत लोक त्याला कॅप्टनच म्हणत. आमच्या घरची दुसरी कथा अशी गेली.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. कागदावर दोन रकाने आखा, एका नावाच्या दोन्ही माणसांची प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा: बायकोचं नाव, जमीन, मुलं, कोणत्या साली कुठे. बायकोचं नाव सर्वांत उपयोगी. आम्हाला शेवटी मिळाली ती 'डब्ल्यू'ची फाइल, पत्नीने १८३८ च्या कायद्याखाली केलेली, बायबलच्या पानासकट: लग्न १७८३, पतीचा मृत्यू मार्च १८२७.

संकेतस्थळांवर लोकांनी टाकलेले तयार वंशवृक्ष वाचा जरूर, पण दिशेपुरते. मला सहा वृक्षांत पुतण्याची फाइल काकाला जोडलेली सापडली. सहा जणांनी एकमेकांचं उतरवून घेतलं होतं, मूळ चूक एकाचीच.

७. दुसऱ्यांनी केलेलं काम

डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही स्त्रियांची संघटना १८९० ची, सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही पुरुषांची १८८९ ची. दोघींच्या पूर्वजसूच्या फुकट पाहता येतात. पूर्वज तिथे आधीच सिद्ध झालेला असेल तर अर्धं काम झालं, तुम्हाला फक्त तुमच्या नातवंडापर्यंतची साखळी जोडायची. मात्र नोंदीखाली लाल अक्षरांतली सूचना वाचा. पुढच्या अर्जदाराने नोकरी नव्याने सिद्ध करावी, किंवा या पूर्वजाला नवीनच समजावं, असं लिहिलं असेल तर जुन्या अर्जात खोट निघाली आहे. शंभर वर्षांपूर्वी पुरावे फार तपासत नसत.

सभासदत्व रक्ताच्या वंशाचं आहे. आमची मुलगी लग्नाने आली म्हणून ती त्यात नाही. नात मात्र हक्काने. बावीस वर्षांखालच्यांसाठी मुलांची वेगळी संघटनाही आहे.

८. कबर

यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारला. गंगेकाठची त्याची घुमटाची कबर कुणीही दाखवेल. त्याला हरवणाऱ्या शिपायाची शोधायला मात्र पाच महिने.

युद्धातच मेलेला असेल तर मनाची तयारी ठेवा. व्हॅली फोर्जला १७७७-७८ च्या हिवाळ्यात सुमारे दोन हजार माणसं गेली, बहुतेक आजाराने आणि बरीचशी छावणीबाहेरच्या इस्पितळांत. न्यू यॉर्कजवळच्या इंग्रजांच्या कैदी जहाजांवर साडेअकरा हजारांवर मेले असं मानतात. ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन बागेत १९०८ चं त्यांचं स्मारक आहे, नावानिशी कबर नाही.

घरी परतून म्हातारा होऊन गेलेल्यांची कबर चर्चच्या आवारात, गावच्या दफनभूमीत किंवा शेताच्या कोपऱ्यात असते. शोधायचा क्रम असा: पेन्शनच्या फाइलमधून मृत्यूचं साल आणि गाव, मग मृत्युपत्र, मग जमिनीचे दस्त. शेत विकताना 'दफनभूमीची अमुक जागा सोडून' असं कलम घातलेलं असतं, आणि त्या कलमाने मी निम्म्या आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या दस्तांची आठवण करून दिली. त्यानंतर गावची इतिहासमंडळी. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून अनेक राज्यांत सैनिकांच्या कबरींची मोजदाद झाली होती, ती कार्डं मागा. सगळ्यांत शेवटी फाइंड अ ग्रेव्ह हे कबरींचं संकेतस्थळ.

शेवटी अशासाठी, की त्या संकेतस्थळावर पान असलं म्हणजे जमिनीत माणूस आहे असं होत नाही. फोटो नसलेलं पान कुणी घरबसल्या पुस्तकातून उतरवलेलं असू शकतं. आणि दगड असला तरी तो नुसता स्मरणार्थ असू शकतो, माणूस दुसरीकडे. पितळी खूण रोवलेली असेल तर ती कधी रोवली ते विचारा. बऱ्याच खुणा शंभर-सव्वाशे वर्षांनी, अंदाजाने लावल्या गेल्या.

आमच्या आजोबांचं गाव ग्रीनविच. नकाशावर शोधलं तर तिथे पाणी. बॉस्टनला पाणी हवं म्हणून स्विफ्ट नदी अडवून क्वाबिन जलाशय केला आणि डेना, एनफील्ड, ग्रीनविच, प्रेस्कॉट ही चार गावं २८ एप्रिल १९३८ ला कायद्याने संपली. माझं माहेर कोयनेकाठचं. शिवसागराखाली गेलेल्या गावांतली माणसं आमच्या शाळेत होती. मी तो नकाशा बघून बराच वेळ काही बोलले नाही.

पण त्यांनी एक केलं होतं. पाणी सोडण्याआधी सुमारे साडेसात हजार कबरी उकरून वेअर गावच्या क्वाबिन पार्क दफनभूमीत नेल्या, कुठून उचललं आणि कुठे ठेवलं याच्या नोंदी करून. तुमच्याही बाबतीत जुनी दफनभूमी जागेवर नसेल तर आधी विचारा: धरण, रस्ता की नवं चर्च? हलवली असेल तर बहुधा यादी झाली असणार, आणि गावाचं दप्तर कुणाच्या ताब्यात गेलं हेही तेव्हाच विचारून घ्या.

९. प्रत्यक्ष जाताना

एप्रिलच्या सुरुवातीला किंवा पानगळीनंतर जा. उन्हाळ्यात गवतात दगड दिसत नाहीत, गोचिडी लागतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. पूर्ण पँट, मोजे पँटवरून चढवलेले. तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, आठवडाभर खाज जात नाही. खासगी शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

दगड घासू नका. खडू, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. बरोबर आरसा न्या आणि ऊन तिरपं पाडा, अक्षरं उठून दिसतात. जुने दगड पाटीच्या दगडाचे असतात, शाळेतल्या पाटीसारखेच काळे, आणि अडीचशे वर्षांनी लख्ख वाचता येतात. नंतरचे संगमरवरी मात्र पावसाने पुसट झालेले. फोटो दगडाचा घ्याच, शिवाय आजूबाजूच्या चार दगडांचाही घ्या, कारण शेजारी बायको, सून, नातू असतात.

वयाची ओळ जपून वाचा. 'एकाहत्तराव्या वर्षी' असं लिहिलं असेल तर वय सत्तर.

कबर ठाऊक आहे पण दगडच नाही, असं झालं तर माजी सैनिकांचं सरकारी खातं फुकट दगड देतं. अर्जाचा नमुना ४०-१३३०. ६ एप्रिल १९१७ च्या आधी नोकरी संपलेल्या सैनिकासाठी कुणीही अर्ज करू शकतं, वंशज असण्याची अट नाही. नोकरीचा पुरावा जोडायचा आणि दफनभूमीची संमती घ्यायची. दगड पोहोचवण्याचा खर्च सरकारचा, खासगी दफनभूमीत बसवण्याचा तुमचा.

आम्हाला त्याची गरज पडली नाही. वेअरला पाटीच्या दगडावर मार्च १८२७ आणि 'एकाहत्तराव्या वर्षी' असं नीट वाचता आलं, बायबलच्या पानाशी जुळलं. शेजारी पत्नीचा दगड होता, जास्त पुसट. नातीने आरसा धरला, जावयांनी फोटो काढले. मग विहीणबाईंना फोन लावला आणि सांगितलं, कॅप्टन नव्हते, शिपाई होते, आणि बंकर हिलनंतर भरती झाले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग विचारलं, "आजीला पेन्शन किती मिळाली?"

"वर्षाला तेहतीस डॉलर तेहतीस सेंट."

"म्हणजे किती महिने?"

"दहा," नात आरसा पिशवीत ठेवत म्हणाली.